एक थर आज, एक थर उद्या

गेल्या अंकात चिकटवही आणि मिक्स्ड मीडिया आर्ट जर्नल यांबद्दल लिहिलं होतं. एकाच पानावर रंग, फाडलेले कागद, छापील तुकडे, दोरा, ठसे आणि आपलं अक्षर एकत्र नांदू देणारी ती वही. त्यावर भरभरून पत्रं आली आणि बहुतेकांत तक्रार एकच : हौस आहे, सामानही आणून ठेवलंय, वेळ मात्र मिळत नाही. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिलं आहे. शेवटचं पत्र तेवढं पावसाळ्याचं आहे.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीची. सकाळी सातची लोकल, रात्री घरी यायला आठ. वर्षभरापूर्वी जेसो (रंगाआधी पानाला द्यायचं पांढरं अस्तर), अक्रिलिक रंग, स्टेन्सिल, दोन जाड वह्या असं हौसेनं घेतलं. रविवारी तीन तास सलग मिळाले की बसू म्हणते. ते तीन तास काही मिळत नाहीत. वही कोरी आहे आणि तिच्याकडे बघवत नाही.

उत्तर : तीन तास सलग हवेत ही अट तुम्हाला कोणी घातली? ती जलरंगातल्या निसर्गचित्राची अट आहे. तिथे आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला असतानाच पुढचा हात द्यावा लागतो, मध्ये उठलं की कडा पडते. मी शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हा इंटरमिजिएटच्या मुलांना हेच सांगायचे, पाणी भरून घ्या, ब्रश मांडून घ्या, मग कोणी हाक मारली तरी उठू नका.

तुमचं काम वेगळं आहे. ते थरांचं आहे. पानावर जेसोचा हात दिला की तो वाळेपर्यंत त्यावर काही करताच येत नाही. पातळ हात असेल तर पंख्याखाली अर्ध्या तासात वाळतो, जाड असेल तर रात्र जाते. कागद चिकटवला की तो सुकून ताठ व्हायला हवा, नाहीतर वरून दिलेल्या रंगानं तो फुगतो. मग पानासमोर बसून करायचं काय? पान वाळण्याचा वेळ तुमच्या पोळ्यांना, डब्यांना, झोपेला द्या. तुटक वेळेतच ही कला चांगली होते, असं माझं ठाम मत आहे. सलग बसणाऱ्यांची पानं मी पाहिली आहेत. धीर धरवत नाही म्हणून ओल्यावर ओलं चढवतात आणि सगळ्या रंगांचा मिळून एक मातकट तपकिरी होतो.

श्रावणात केलेलं एक पान माझ्यासमोर आहे, ते कसं झालं ते सांगते. रात्री ओटा आवरल्यावर वहीच्या दोन पानांना जुन्या एटीएम कार्डानं जेसो फासला. ब्रश घेतला नाही, कारण ब्रश धुवावा लागतो. कार्ड फडक्याला पुसलं की झालं. कार्डाच्या कडेनं मुद्दाम थोड्या रेघा उमटू दिल्या. दुसऱ्या दिवशी कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूची पाककृती फाडून तीन तुकडे चिकटवले. पुढे मधले दिवस वही मिटलेलीच होती. मग एका संध्याकाळी भाजी चिरताना भेंडीचं देठाकडचं टोक बाजूला ठेवलं, हिरव्या रंगात बुडवून त्याचे ठसे घेतले. आपण सगळ्यांनी शाळेत केलेले तेच. पण छापील अक्षरांवर ती पाचकोनी फुलं उमटली तेव्हा खालचं ‘मंद आचेवर’ एवढंच वाचता येत होतं, आणि पानाचा विषय तिथेच ठरला. शेवटी काळ्या पेनानं, त्या आठवड्यात मंद आचेवर काय काय चाललं होतं ते लिहिलं. यातली कुठलीही बैठक चहा उकळण्यापेक्षा फार मोठी नव्हती.

तुमचा वेळ खातात त्या गोष्टी दोन. सामान काढणं-आवरणं ही एक, आणि ‘आज काय करू’ हे ठरवणं ही दुसरी. पहिलीवर उपाय सोपा आहे. घेतलेल्या सामानापैकी वही, तीन रंग, फेव्हिकॉलची छोटी बाटली, एक कार्ड, एक फडकं आणि एक काळं पेन एवढंच पोळ्यांच्या जुन्या डब्यात घाला. बाकीचं माळ्यावर गेलं तरी चालेल. तीन रंग म्हणजे तीनच, महिनाभर तेच. समोर चोवीस नळ्या असल्या की निवडण्यातच रात्र होते. आणि एकमेकांत मिसळून चिखल होणार नाही असे निवडा. निळा, पिवळा, पांढरा घेतलात तर हिरव्याच्या सगळ्या छटा हाती येतात.

ठरवण्याचं काम लोकलमध्ये करा. पर्समध्ये लग्नपत्रिकेचं एक रिकामं पाकीट ठेवा. दिवसभरात हाती लागेल ते त्यात जाऊ द्या : चहाच्या पुडीचा कागद, दुकानातली रंगीत पिशवी, वर्तमानपत्रातलं एखादं शीर्षक, साडीच्या खोक्यातला पातळ टिश्यू. चौथी सीट मिळाली तरी मांडीवर हे तुकडे लावून बघता येतात. कात्री नको, गर्दीत ती बाहेर काढूच नये, आणि फाडलेल्या कडेला जो पांढरा धागा सुटतो तो कात्रीला साधत नाही. घरी पोहोचाल तेव्हा कुठला तुकडा कुठे हे ठरलेलं असेल. उरेल ते फक्त चिकटवणं.

एक सावधगिरी. दुकानातली, एटीएमची बिलं सरसकट चिकटवू नका. ती थर्मल कागदावर असतात. त्यांत शाई नसतेच, उष्णतेनं कागद काळा पडून अक्षर उमटतं, आणि काही महिन्यांत ते उडून जातं. एखादं बिल हवंच असेल, पहिल्या पगारातल्या खरेदीचं वगैरे, तर झेरॉक्स काढून ती लावा.

प्रश्न : आमचं इचलकरंजीत एकत्र कुटुंब. मुलगा तीन वर्षांचा. तो झोपला की मी वेष्टनं, कागद काढून बसते, तर सासूबाई म्हणतात, “घरात हा कचरा कशाला साठवतेस?” जागा म्हणजे जेवणाचं टेबल, तेही सगळ्यांचं. वेळ मागायचा तरी कोणत्या तोंडानं?

उत्तर : कचऱ्याचं आधी सांगते, कारण ते तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. जर्मनीतल्या हानोव्हर शहरात कुर्त श्विटर्स नावाचा चित्रकार होता. पहिलं महायुद्ध हरून देश मोडकळीला आला होता, तेव्हा 1919 च्या सुमारास तो रस्त्यावर पडलेली ट्रामची तिकिटं, चॉकलेटची वेष्टनं, जाहिरातींचे फाटके तुकडे, लाकडाचे ढलपे गोळा करायला लागला आणि त्यांतून त्यानं चित्रं रचली. एका बँकेच्या छापील नावातला ‘मेर्त्झ’ एवढाच तुकडा एका चित्रात आला होता, तेच नाव त्यानं आपल्या सगळ्या कामाला दिलं. आज ती चित्रं जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. तेव्हा पुडीचा कागद हातात घेताना संकोच करू नका. तो छापणाऱ्यानं त्यावर रंग, अक्षर, नक्षी यांचा विचार केलेला असतो. तो विचार तुम्ही पुढे नेताय.

जागेसाठी एक मोठी परात घ्या. सगळं परातीत मांडायचं आणि परातीतच काम करायचं. जेवायची वेळ झाली की परात उचलून कपाटावर, पान आहे तसं ओलं. परातीला काठ असल्यामुळे रंग टेबलावर जात नाही आणि दोरे, टिकल्या खाली सांडत नाहीत. टेबल सगळ्यांचं राहतं. आवरायला वेळ लागत नाही, म्हणून पुन्हा बसायचा कंटाळाही येत नाही.

मुलगा झोपण्याची वाट बघणं मात्र सोडा. दिवसातली ती एकच सुटका असते, तिच्यात भांडी, कपडे, स्वतःची पाठ टेकणं हे सगळं कोंबलेलं असतं. त्यापेक्षा त्याला सोबत घ्या. तीन वर्षांच्या मुलाला कागद फाडायला कमालीचा आवडतो. त्याला वर्तमानपत्र द्या, घोटीव कागद द्या, फाडू दे. त्यानं फाडलेले तुकडे तुमच्या फाडण्यापेक्षा मोकळे असतात, कारण तो कडेकडे बघत नाही. चिकटवायला त्याच्यासाठी कणकेची खळ करा : दोन चमचे कणीक थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायची, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायची. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. पूर्वीचे बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. घरात लहान मूल असताना मोरचुदाला हातही लावू नका, ते विष आहे. बिनमोरचुदाची खळ तोंडात गेली तरी काही बिघडत नाही.

सासूबाईंना हे पटवून द्यायला जाऊ नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा. त्यांच्या ट्रंकेत माहेरची पत्रं असतील, लोकरीच्या विणकामाचे नमुने असतील, कुठल्या तरी मासिकातली लोणच्याची कृती कापून ठेवलेली असेल. मूळ कागद कधीच चिकटवायचा नाही, हे त्यांना मागतानाच सांगा. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रत काढा. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची शाई पाण्याला टिकते. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलीत तर फेव्हिकॉल लागताच अक्षर पसरेल. त्या कृतीच्या शेजारी त्यांच्या तोंडून ऐकलेलं दोन ओळींत लिहा, कैऱ्या कोणाच्या झाडाच्या, बरणी कोणी दिली. आमच्या शेजारच्या एका घरात असं एक पान झालं आणि नंतर त्या आजीच सुनेला विचारू लागल्या, आज वही काढली नाहीस का म्हणून. तुमच्याकडे असंच होईल असं मी सांगू शकत नाही. पण वेळ मागण्यापेक्षा गोष्ट मागणं सोपं जातं, एवढं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी एस.टी.त कंडक्टर होतो, सातारा जिल्ह्यात. आता वय अडुसष्ट. माझ्याकडे वेळच वेळ आहे, पण तो कशात घालावा कळत नाही. जुन्या छापील तिकिटांचे काही गठ्ठे मी जपून ठेवलेत. त्यांचं काही करावंसं वाटतं. हात थोडे कापतात. घरचे म्हणतात, या वयात कात्रणं चिकटवत बसणार का?

उत्तर : दादा, हो, बसा. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

वयाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी म्हणून एक बाई होऊन गेल्या. जन्म 1700 चा. 1768 मध्ये नवरा गेला. त्या दुःखातच होत्या, आणि वयाच्या 72 व्या वर्षी, मैत्रिणीच्या घरी राहत असताना, फुलाच्या पाकळीचा आणि जवळच पडलेल्या लाल कागदाचा रंग एकच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कात्री घेतली आणि कागदाची पाकळी कापली. मग देठ, पान, पुंकेसर, सगळं कागदाचं, काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेलं. दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ एक हजार फुलं अशी केली. वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांनाही ती पटली, इतकी ती बिनचूक होती. नजर गेली तेव्हा थांबल्या. ती फुलं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. घरच्यांना हे जरूर सांगा.

हात कापतात त्याची काळजी करू नका. तिकीट कापायचं नाहीच, ते तयार मापाचं आहे. पार्श्वभूमीचा कागद फाडायचा. फाडताना एक स्टीलची पट्टी घट्ट दाबून धरा आणि कागद तिच्या कडेवर आपल्याकडे ओढा, कड सरळ येते. चिकटवताना चिमटा वापरा, टपालाची तिकिटं जमवणारे वापरतात तसा चपट्या टोकाचा.

तिकिटांसाठी फेव्हिकॉल नको, खळ वापरा. फेव्हिकॉल वाळला की कायमचा, आणि जुना पातळ कागद त्यात पारदर्शक होऊन बसतो. खळीनं लावलेलं तिकीट पुन्हा ओलं केलं की सुटतं. उद्या नातवाला एखादं हवं असलं तर देता येईल. आधी एक जादा तिकीट घेऊन त्याच्या कोपऱ्यावर ओलं बोट फिरवा. बोटाला रंग आला तर त्या रंगाची तिकिटं ओली करायची नाहीत. त्यांच्यासाठी जाड कागदाला चार कोपऱ्यांशी तिरक्या चिरा द्या आणि तिकिटाचे कोपरे त्यांत अडकवा. तुमच्या शेवटच्या वर्षांत मशिनची तिकिटं आली असतील. ती जपली असलीत तर त्यांच्या प्रती लगेच काढून घ्या, ती कोरी होतात.

आता वेळ. भरपूर वेळ असणाऱ्याची अडचण वेगळी असते, दिवसाला खुंटी सापडत नाही. तुमच्या हयातीचा दिवस फेऱ्यांनी बांधलेला होता, म्हणून मी फेरीच सुचवते. रोज एक फेरी, एक पान. वर मार्ग लिहा : सातारा–मेढा, कराड–पाटण, जो असेल तो. मधल्या थांब्यांची नावं तुमच्या अक्षरात. जुन्या नकाशाची झेरॉक्स मिळाली तर खाली चिकटवा, त्यावर चहाच्या पाण्याचा हलका हात द्या, तपकिरी छटा येते. हळद मात्र वापरू नका, तिचा रंग उन्हात उडतो. वर तिकिटं, दराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची. तिकिटाला पंच केलेलं असेल तर त्या भोकाखाली गडद कागद येऊ द्या, म्हणजे ते डोळ्यांत भरेल. आणि बाजूला त्या फेरीचं जे आठवतं ते लिहा : बाजाराच्या दिवशी टोपल्या कुठल्या थांब्यावर चढायच्या, पावसात घाट कुठे बंद पडायचा, वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, कुठल्या टपरीवर बसून पुरं करायचात.

हे तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. तिकीट छापणाऱ्या महामंडळाच्या दप्तरात आकडे असतील, पण कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी रोज नातवाला शाळेत सोडायला चढायची हे तिथे मिळणार नाही. पहिलं पान झालं की त्याची एक प्रत मला पाठवा. मला ते मनापासून बघायचं आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरला कॉलेजात आहे. रोज रात्री मोबाइलवर आर्ट जर्नलचे व्हिडिओ बघते. बघताबघता दोन तास जातात, करायला वेळ उरत नाही. आणि त्यांच्यासारखं सामानही माझ्याकडे नाही.

उत्तर : वेळ आहे, तो त्या दोन तासांत आहे. व्हिडिओ आठवड्यातून एक बघ, हातात पेन्सिल घेऊन, आणि त्यातली एकच रीत उचलून त्याच रात्री करून बघ. त्या व्हिडिओत रंग वाळण्याचा वेळ कापून टाकलेला असतो, म्हणून सगळं दहा मिनिटांत झाल्यासारखं दिसतं. सामानाचं म्हणशील तर जेसो नसला तरी चालतो : पांढरा पोस्टर किंवा अक्रिलिक रंग, फळ्यावरच्या खडूची बारीक चाळलेली भुकटी आणि थोडा फेव्हिकॉल एकत्र घोटून लाव. कलाकाराच्या जेसोइतका टिकाऊ नाही, पण शिकताना उत्तम. वहीसाठी वाण्याकडची लाल कापडी चोपडी घे. शिवलेली असते, सपाट उघडते, आणि तिच्यावर रंग सांडला तर जीव हळहळत नाही.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहिते. वेळ काढून पानं करते, पण पावसाळ्यात ती एकमेकांना चिकटतात. उघडताना रंग सोलून निघतो. कागद लाटांसारखा वाकतो आणि वही इतकी फुगते की मिटत नाही. गेल्या वर्षीच्या वहीला बुरशीही आली.

उत्तर : चारही त्रासांची कारणं वेगळी आहेत.

अक्रिलिक रंग वाळला तरी तो प्लॅस्टिकच असतो, उकाड्यात आणि दमट हवेत तो पुन्हा मऊ, चिकट होतो. वर वजन असेल तर समोरचं पान धरतो. म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर ठेवा, आणि वही कपाटात आडवी, इतर पुस्तकांखाली दाबून न ठेवता उभी ठेवा. पान पूर्ण झाल्यावर साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा त्यावर हलका घासून मऊ फडक्यानं पुसलात तरी चिकटपणा बराच कमी होतो. पण हे अगदी शेवटी, कारण मेणावर पुढे रंग किंवा शाई धरत नाही.

कागद वाकतो तो एकाच बाजूनं ओला झाल्यामुळे. बाइंडर पुठ्ठ्याला एका बाजूनं कागद लावला की दुसऱ्या बाजूनंही लावतो, ते याचसाठी. तुम्हीही पानाच्या मागच्या बाजूला जेसोचा एक हात द्या. आणि कागद जाड घ्या. झेरॉक्सचा कागद 70–80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) असतो, त्याला ओलं काम झेपत नाही. 300 जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या. पुण्याला येणं झालं तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जा. 1940 पासूनची संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद मिळतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्यामुळे पिवळा पडून कुरकुरीत होतो. सुती कागदाला तो रोग नाही.

फुगण्यावर उपाय वही सुरू करतानाच करायचा. शिवणीपासून बोटभर पट्टी ठेवून प्रत्येक तिसरं पान कापून टाका. पट्टी ठेवायचीच, नाहीतर तिच्या जोडीचं पलीकडचं पान सुटून येतं. कापलेल्या पानांची जागा चिकटवलेल्या कागदांची जाडी भरून काढते आणि वही मिटते.

बुरशी पान अर्धवट ओलं असताना मिटल्यामुळे येते. हाताच्या मागच्या बाजूनं पानाला स्पर्श करून बघा, थंड लागलं तर आत ओल आहे. कोकणात जून ते सप्टेंबर खळ टाळा, ती बुरशीचं खाद्यच आहे, तेवढ्यापुरता फेव्हिकॉल वापरा आणि तोही दोन भागांना एक भाग पाणी घालून, पातळ. आलेली बुरशी कोरड्या ब्रशनं घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून झाडा, ओल्या फडक्यानं पुसू नका. वही ठेवता त्या कपाटात वेखंडाच्या दोन-तीन कांड्या सुती कापडात बांधून ठेवा, कसर लागत नाही. दसऱ्यानंतर ऊन कोरडं झालं की वही उघडून सावलीत वारा द्या, थेट उन्हात नको, आणि वेखंड त्या वेळी बदलून टाका.